कोच कुठे उभा आहे? चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीवरून काही गोष्टी

(अलिबागला क्रीडाशिक्षक, क्लबचालक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बोलण्याची धाटणी मात्र तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय आहे कोचची कारकीर्द. खेळाडूंच्या कारकिर्दीवर आपण रात्र रात्र बोलतो. कोणाचे किती रन्स, कोणाच्या किती चढाया, सगळं आपल्याला पाठ असतं. कोचचं नाव मात्र दोनच वेळा निघतं, संघ जिंकला की आणि कोचला काढलं की. मधल्या काळात तो माणूस नेमकं काय करतो, याकडे फारसं कोणी बघत नाही. आज आपण तेच बघणार आहोत.

सुरुवात मात्र लांबून करू, अमेरिकेतल्या बास्केटबॉलपासून. तुम्ही म्हणाल, समुद्रकिनाऱ्यावर मातीतली कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट खेळणाऱ्यांना बास्केटबॉल कशाला? कारण त्या खेळात कोचच्या दोन नोकऱ्या अगदी स्वच्छ वेगळ्या दिसतात. एक कॉलेजच्या संघाची, दुसरी व्यावसायिक संघाची. हा फरक एकदा लक्षात आला, की आपल्या माणसाची गोष्ट समजायला सोपी जाते.

दोन नोकऱ्या, एक माणूस

लॅरी ब्राऊन नावाचे एक कोच आहेत. १९८८ मध्ये त्यांच्या कॅन्सस विद्यापीठाच्या संघाने कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्या मोसमात हा संघ अकरा सामने हरला होता. अंतिम सामन्यात समोर ओक्लाहोमा होतं, आणि त्याच मोसमात ओक्लाहोमाने त्यांना दोनदा हरवलेलं होतं. तरी कॅन्सस ८३-७९ असं जिंकलं. पुढे २००४ मध्ये ब्राऊन यांच्या डेट्रॉइट पिस्टन्सनी एनबीए जिंकली. समोर लॉस एंजेलिस लेकर्स होते, एकाहून एक मोठी नावं असलेले, आणि पिस्टन्सनी त्यांना ४-१ असं हरवलं. कॉलेजची आणि एनबीएची अशी दोन्ही विजेतेपदं मिळवणारे ब्राऊन हे आजवरचे एकमेव कोच आहेत.

एकमेव का? अमेरिकेत चांगल्या कोचची वानवा आहे म्हणून नव्हे. या दोन नोकऱ्यांचं नाव एक असलं तरी काम वेगळं आहे.

कॉलेजमध्ये कोच स्वतः मुलं निवडतो. गावोगाव फिरतो, मुलाच्या घरी जातो, आईवडिलांशी बोलतो. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. तो दोन, तीन, चार वर्षं कोचच्या हाताखाली राहतो. कोणाला खेळवायचं हे कोचच्या हातात असतं, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे कायदा. व्यावसायिक संघात हे चित्र उलटं होतं. खेळाडू मालकाने विकत घेतलेला असतो, त्याचा पगार बऱ्याचदा कोचपेक्षा कितीतरी जास्त असतो. साखळीतच ८२ सामने असतात, शिकवायला वेळच नसतो. आणि दोघांचं पटलं नाही, तर बहुतेक वेळा जातो तो कोच. खेळाडूला काढणं मालकाला परवडत नाही.

ब्राऊन यांचंच पुढचं बघा. २००४ ला विजेतेपद, २००५ ला पुन्हा अंतिम फेरी. लगेच त्यांनी संघ सोडला आणि न्यूयॉर्क निक्सकडे गेले. तिथे एका मोसमात २३ विजय आणि ५९ पराभव. एका मोसमातच तिथून बाहेर. माणूस तोच, ज्ञान तेच. दोन वर्षांत ते काही खेळ विसरले नव्हते. बदलली होती ती जागा.

आणखी एक गंमत. बास्केटबॉल हा खेळ ज्यांनी १८९१ मध्ये शोधून काढला, ते जेम्स नायस्मिथ पुढे कॅन्ससमध्येच कोच होते. त्यांचा हिशेब आहे ५५ विजय आणि ६० पराभव. खेळ शोधणारा माणूस जिंकल्यापेक्षा जास्त वेळा हरला! पण त्यांच्या हाताखाली फॉग ॲलन तयार झाले, ॲलन यांच्या हाताखाली डीन स्मिथ, आणि स्मिथ यांच्या हाताखाली खेळले ते हे लॅरी ब्राऊन. म्हणजे नायस्मिथ यांचं खरं काम त्या ५५-६० मध्ये दिसत नाही, ते चौथ्या पिढीत दिसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आपल्याकडच्या तीन पायऱ्या

आता घरी येऊ. आपल्याकडे कॉलेजचं क्रीडाविश्व अमेरिकेसारखं नाही. आपल्या क्रिकेटमध्ये तीन पायऱ्या आहेत. पहिली शाळा आणि क्लब. दुसरी राज्याचा संघ, म्हणजे रणजी करंडक, जो १९३४-३५ पासून चालू आहे. आणि तिसरी २००८ पासूनची आयपीएल, म्हणजे मालक, लिलाव आणि दोन महिन्यांचा मामला.

आपल्या रायगडच्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी आहे. मांडव्याच्या जेट्टीवरून मुंबई डोळ्यांना दिसते, बोटीने तासाभरात गेटवेला उतरता येतं. पण क्रिकेटच्या नकाशावर आपला जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे, म्हणजे पुण्याकडे येतो. ओहोटीला वाळूत खेळणारा मुलगा स्वप्न बघतो वानखेडेचं, आणि निवड चाचणीला त्याला घाट चढून जावं लागतं. या मुलाचा पहिला कोच कोण? बहुतेक वेळा तुमच्यातलाच एखादा पीटीचा शिक्षक, किंवा नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी नेट लावणारा क्लबचा माणूस. म्हणून आजची गोष्ट तुमच्याही कामाची आहे.

या तिन्ही पायऱ्या ज्याने जवळून पाहिल्या असा मराठी कोच शोधायचा, तर चंद्रकांत पंडित यांचं नाव घ्यावंच लागतं.

शिष्य, यष्टिरक्षक, कर्णधार

पंडित यांचा जन्म १९६१ चा, मुंबईचा. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या तालमीत ते वाढले. आचरेकर सर मूळचे मालवणचे, स्टेट बँकेत नोकरीला. ते स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. पण त्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, अजित आगरकर अशी रांग निघाली. सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. पहिल्या पायरीवरचा कोच कसा असतो याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे आचरेकर सर. मुलगा कुठल्या शाळेत जाईल, कुठल्या क्रमांकावर खेळेल, दिवसाला किती सामने खेळेल, हे सर ठरवायचे. अमेरिकन कॉलेजच्या कोचकडे असते तशी सत्ता, किंबहुना जरा जास्तच.

पंडित यष्टिरक्षक-फलंदाज म्हणून भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. १९८७ च्या वर्ल्ड कपमधला वानखेडेवरचा उपांत्य सामना त्यांनी खेळला होता. मुंबईनंतर ते मध्य प्रदेशकडे गेले आणि तिथे कर्णधार झाले.

आणि इथे त्यांच्या आयुष्यातला तो सामना येतो. १९९८-९९ चा रणजी अंतिम सामना, बंगळूरचं चिन्नास्वामी मैदान, समोर कर्नाटक. मध्य प्रदेशकडे पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी. म्हणजे नुसता सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक त्यांचा. शेवटच्या दिवशी त्यांचा दुसरा डाव १५० धावांत आटोपला आणि ९६ धावांनी पराभव झाला. हातातोंडाशी आलेला घास गेला. हा सामना आपण थोडा बाजूला ठेवू, तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर परत यायचं आहे.

जिंकूनही नको झालेला कोच

कोच म्हणून पंडित यांनी मुंबईला २००२-०३ आणि २००३-०४ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकून दिली. पुढे २०१५-१६ मध्ये पुन्हा मुंबई, पुन्हा विजेतेपद. आदित्य तरे कर्णधार होता, आणि श्रेयस अय्यर नावाच्या तरुण फलंदाजाने त्या मोसमात १३२१ धावा केल्या. अय्यरचं नाव लक्षात असू द्या. त्याच्या पुढच्या मोसमात मुंबई पुन्हा अंतिम फेरीत पोचली, पण इंदूरला गुजरातकडून हरली. त्यानंतर २०१७ मध्ये मुंबईने कोच बदलला.

दोन मोसम, एक विजेतेपद, एक उपविजेतेपद, आणि तरी नमस्कार! बाहेरून बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पण मुंबईत रणजी जिंकणं हा पराक्रम मानला जात नाही, ती रीत मानली जाते. २०१६ चं ते एकेचाळिसावं विजेतेपद होतं. जिथे जिंकणं गृहीत धरलेलं असतं, तिथे कोचला विजयाचं श्रेय मिळत नाही, पराजयाचा जाब मात्र द्यावा लागतो. आपल्या शाळांतही असं होतं बघा. दहा वर्षं जिल्ह्यात पहिली येणारी शाळा एकदा दुसरी आली, की चौकशी सुरू होते.

विदर्भ: नांगरलेली जमीन

पंडित तिथून विदर्भात गेले. विदर्भ तोवर रणजीच्या अंतिम फेरीत एकदाही पोचला नव्हता. २०१७-१८ मध्ये तो पोचला आणि जिंकलाही. पुढच्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, पुन्हा जिंकला. ज्या संघाकडून कोणाची अपेक्षा नव्हती, त्याने सलग दोन वर्षं करंडक नेला.

हे कसं झालं? चमत्कार म्हणून सोडून दिलं तर आपण काहीच शिकणार नाही.

पहिली गोष्ट, जमीन नांगरलेली होती. विदर्भ संघटनेने आधीची कित्येक वर्षं अकादमी आणि मैदानं यांवर खर्च केला होता. नागपूरजवळ जामठ्याचं मैदान २००८ पासून होतं. वयोगटांच्या संघांमधून मुलं वर येत होती. कोच पेरायला आला तेव्हा माती तयार होती.

दुसरी गोष्ट, योग्य ठिकाणी जाणती माणसं होती. रणजीत राज्याबाहेरचे तीन खेळाडू घेता येतात, त्यांना ‘प्रोफेशनल’ म्हणतात. विदर्भाकडे वसीम जाफर होता, ज्याने मुंबईकडून सगळं काही जिंकून झालं होतं. तरुण फलंदाजाला कोच नेटमध्ये सांगतो ते एक, आणि जाफर समोरच्या टोकाला उभा राहून दाखवतो ते वेगळं. कर्णधार फैज फजल घरचा होता. त्याने स्वतः त्या मोसमात ९१२ धावा केल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे कोचचं स्वतःचं काम. लहान संघाला पहिल्या डावातल्या आघाडीचे गुण खिशात टाकून घरी जायची सवय असते. ‘हरलो नाही ना, मग झालं.’ पंडित यांनी नेमकी हीच सवय मोडली. ईडन गार्डन्सवरचा कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना विदर्भाने फक्त ५ धावांनी जिंकला. इंजिनिअरिंग केलेला रजनीश गुरबानी हा वेगवान गोलंदाज, त्याने दुसऱ्या डावात ७ बळी घेतले. पुढे दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने हॅट्‌ट्रिक केली. जो संघ आयुष्यभर पाच धावांनी हरण्याची कारणं सांगत आला, तो पाच धावांनी जिंकायला लागला. हे काही तंत्र नव्हे. शेवटच्या तासात आपण घाबरणार नाही, ही खात्री आहे, आणि ती महिनोन्‌महिने रोजच्या सरावातून येते.

पंडित यांची शिस्त कडक, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वेळ म्हणजे वेळ. विदर्भात ती चालली, कारण संघ तरुण होता, जिंकण्यासाठी भुकेला होता, आणि संघटना कोचच्या पाठीशी उभी होती. यातली एक गोष्ट जरी नसती, तरी तीच शिस्त काच झाली असती.

चिन्नास्वामी, पुन्हा एकदा

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे आले. करोनामुळे त्या मोसमाची रणजी झालीच नाही. पण शिबिरं झाली, सराव झाला. एरवी कोचला मिळत नाही असा मोकळा काळ त्यांना मिळाला. कर्णधार आदित्य श्रीवास्तवला लग्नासाठी फक्त दोन दिवसांची रजा मिळाली होती, ही गोष्ट तेव्हा वर्तमानपत्रांत सगळीकडे छापून आली. हसू येतं, पण त्यावरून एकूण कारभाराचा अंदाज येतो.

जून २०२२. रणजीचा अंतिम सामना, चिन्नास्वामी मैदान. समोर मुंबई. मुंबईचा कोच अमोल मुजुमदार, म्हणजे तोही आचरेकर सरांचाच शिष्य. मुंबईने पहिल्या डावात ३७४ केल्या. मध्य प्रदेशने ५३६. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार, तिघांची शतकं. पुन्हा एकदा पहिल्या डावातली आघाडी, तेच मैदान. पण या वेळी डाव कोसळला नाही. मुंबईचा दुसरा डाव २६९ वर संपला आणि मध्य प्रदेशने सहा गडी राखून सामना जिंकला. राज्याचं हे पहिलं विजेतेपद. पंडित यांना भर मैदानात रडू आवरलं नाही. खेळाडूंनी त्यांना खांद्यावर उचलून घेतलं.

कोच म्हणून हे त्यांचं सहावं रणजी विजेतेपद होतं. मुंबईची तीन, विदर्भाची दोन, मध्य प्रदेशचं एक.

तिसरी पायरी

आणि मग ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाईट रायडर्सनी त्यांना मुख्य कोच नेमलं. म्हणजे आपल्या भाषेत, कॉलेजचा कोच एनबीएत गेला.

इथे काय बदललं बघा. खेळाडू कोचने घडवलेले नाहीत, लिलावात घेतलेले आहेत. साखळीत १४ सामने, सगळं मिळून दोन महिने. निम्मे खेळाडू वर्षभर दुसऱ्याच कोणाकडून खेळून आलेले, प्रत्येकाचा स्वतःचा ट्रेनर, स्वतःची पद्धत. परदेशी खेळाडू लग्नाची रजा मागायला कोचकडे येत नाही. आणि कोचच्या वर व्यवस्थापन असतं, बाजूला मेंटॉर असतो, विश्लेषक असतात.

निकाल असे लागले. २०२३, सातवा क्रमांक. २०२४, विजेतेपद. २०२५, आठवा क्रमांक, आणि त्याच वर्षी जुलैत फारकत.

२०२४ च्या विजेतेपदाचं श्रेय कोणाचं, यावर खूप चर्चा झाली. त्या वर्षी गौतम गंभीर मेंटॉर म्हणून आले होते, आणि बहुतेक हार त्यांच्या गळ्यात पडले. कर्णधार होता श्रेयस अय्यर, म्हणजे २०१५-१६ च्या मुंबईतला तोच तरुण फलंदाज. अंतिम सामन्यात सनरायझर्स हैदराबाद ११३ धावांत गारद झाले आणि कोलकाता आठ गडी राखून जिंकलं. पंडित यांचा त्यात वाटा किती? आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, बाहेर बसून हा हिशेब मांडता येत नाही. इतकं नक्की सांगता येतं, की या पायरीवर कोच एकटा संघ घडवत नाही. तो अनेकांमधला एक असतो. परदेशी खेळाडूंना त्यांची कडक पद्धत मानवली नाही, अशी टीका एका माजी खेळाडूने जाहीरपणे केली. ही टीका खोटी असेलच असं नाही. विदर्भाच्या बावीस वर्षांच्या मुलाला जी शिस्त आधार वाटते, ती जगभर खेळून आलेल्या पस्तिशीच्या माणसाला संशय वाटू शकते. ‘माझ्यावर यांचा विश्वास नाही का?’ असं त्याला वाटतं.

मग पंडित चांगले कोच की वाईट? हा प्रश्नच चुकीचा आहे, हेच आम्हाला आज सांगायचं आहे. लॅरी ब्राऊन न्यूयॉर्कमध्ये वाईट झाले नव्हते, आणि पंडित कोलकात्यात बदलले नव्हते. कोच कुठे उभा आहे, त्याच्या हातात वेळ किती आहे, मुलं त्याने निवडली आहेत का, आणि वरचे लोक त्याच्या पाठीशी आहेत का, हे चार प्रश्न आधी विचारायचे. गुणपत्रिका त्यानंतर.

मागे काय राहतं

आता नायस्मिथ यांच्याकडे परत येऊ. कोचचं काम त्याच्या विजयांच्या यादीत पूर्ण दिसत नाही, असं आपण म्हटलं होतं. मग दिसतं कुठे?

विदर्भाकडे बघा. पंडित निघून गेले. पण २०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत होता. २०२४-२५ मध्ये त्याने केरळविरुद्ध नागपूरला पुन्हा करंडक जिंकला, वेगळ्या कोचच्या हाताखाली. कर्णधार होता अक्षय वाडकर, ज्याने २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात शतक ठोकलं होतं. तो पंडितांच्या वेळचा मुलगा, आता घरचा कर्ता झाला होता. कोच गेल्यावर संघ कोसळला असता, तर ती नुसती धाकाची शिस्त होती असं म्हणता आलं असतं. संघ कोसळला नाही.

आणि अमोल मुजुमदार? तो कधीच भारताकडून खेळला नाही. १९८८ मध्ये सचिन आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून तो पॅड बांधून बसून राहिला होता, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २०२२ ला चिन्नास्वामीवर तो हरणाऱ्या बाजूला होता. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा त्या संघाचा मुख्य कोच तोच होता. आचरेकर सर २ जानेवारी २०१९ ला गेले. हे बघायला ते नव्हते. पण हिशेब त्यांच्याही खात्यावर जमा होतो.

शेवटी, आपल्याबद्दल

व्याख्यान ठरलं तेव्हा तुमच्यापैकी एका शिक्षकांनी आम्हाला एक प्रश्न कळवला होता. ते म्हणाले, ‘आम्ही मुलगा तयार करतो. तो जरा चमकला की पुण्याला नाहीतर मुंबईला जातो. पेपरात तिकडच्या कोचचं नाव येतं. मग आम्ही पहाटे उठून कशासाठी करायचं?’

या प्रश्नाला गोड उत्तर देण्यात अर्थ नाही. तुमचं नाव येणार नाही, हे बहुतेक खरं आहे. पण तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, तुम्ही ज्या पायरीवर आहात, तिथे कोचचा हात सगळ्यात लांब पोचतो. पुढच्या कोणत्याही कोचला तुमच्याइतका वेळ मिळणार नाही. आयपीएलच्या कोचला खेळाडू दोन महिने मिळतो. तुम्हाला तो पाचवीपासून दहावीपर्यंत मिळतो. बॅट धरायची पद्धत, हरल्यावर वागायची पद्धत, वेळेवर यायची सवय, या गोष्टी पुढे कोणी शिकवत नाही. त्या आहेत असं गृहीत धरलं जातं.

दोन, म्हणूनच जपून. या पायरीवर तुमची सत्ता मोठी आहे, आणि समोर लहान मूल आहे. जुन्या काळी सरांनी एक लगावली आणि मुलगा सुधारला, अशा गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. त्या मारामुळे खेळ सोडून गेलेल्या मुलांच्या गोष्टी मात्र कोणी सांगत नाही, कारण ती मुलं मोठी झाल्यावर व्याख्यानं द्यायला येत नाहीत. कडक असा, वेळेला कडक असा, सरावाला कडक असा. पण कोच नसतानाही मूल सरावाला येतं का, यावर स्वतःची परीक्षा घ्या. विदर्भाच्या गोष्टीचं सार तेच आहे.

तीन, हे संस्थाचालकांसाठी. कोचला वर्षाच्या निकालावर जोखू नका. विदर्भात कोच येण्याआधी कित्येक वर्षं मैदान तयार होत होतं. आपल्याकडे मैदान पावसाळ्यात चार महिने चिखलात, उरलेले महिने मांडवाला भाड्याने, आणि कोचकडून मात्र मार्चमध्ये करंडक हवा. त्याला तीन वर्षं द्या, एक रोलर द्या, आणि निवडीत तुमच्या भाच्याचं नाव घुसवू नका. एवढं केलंत तरी खूप झालं.

त्या शिक्षकांना आम्ही इतकंच म्हणू, की मुलगा पुढे गेला आणि तुमचं नाव विसरला, तरी चालेल. पण तो पंधरा-वीस वर्षांनी सुट्टीत गावी आला, आणि वाळूत खेळणाऱ्या पोरांना थांबवून कोपर कसं ठेवायचं ते दाखवू लागला, तर जरा बाजूला उभं राहून बघा. तो जे दाखवत असेल, ते बहुधा तुम्हीच त्याला शिकवलेलं असेल.

आता प्रश्न घेऊ.